नईमभाईंचं जिरं

भोपाळच्या सोनागिरी वस्तीतल्या आमच्या गल्लीत वर्षाची खरेदी झाली की बायका अजूनही पुडे घेऊन माझ्याकडे येतात. "काकू, जरा बघा ना, धने ताजे आहेत का?" मी चार दाणे तळहातावर चोळते, वास घेते आणि निकाल सांगून मोकळी होते. निकाल सांगताना माझा आवाज चढतो, असं सूनबाईचं म्हणणं आहे. चढत असेल. सत्तावीस वर्षं मी कारखान्याच्या कॅन्टीनच्या स्टोअरमध्ये मसाले सांभाळलेत. माणसाला एवढी वर्षं एकच गोष्ट नीट येत असेल तर आवाज चढायचाच.

माहेर माझं उज्जैनचं. बी. कॉम. झाले, लग्न होऊन भोपाळला टाउनशिपच्या क्वार्टरमध्ये आले. यजमान कारखान्यात फिटर. दोन वर्षांनी मला कॅन्टीनच्या स्टोअरमध्ये क्लार्कची जागा मिळाली, आणि कुणालाच नको असलेलं मसाल्यांचं काम माझ्या गळ्यात पडलं. नको असण्याचं कारण सोपं होतं. तांदूळ चोरीला गेला तर वजनात कळतं. मसाला चोरीला जात नाही, उडून जातो. गोणी तेवढीच, वजन तेवढंच, रजिस्टरमधला साठा बरोबर जुळलेला, आणि फोडणीत मात्र काहीच नाही. मग शिव्या कुणाला? स्टोअरला.

काम असं असे. जिरं, धने, मिरी, लवंगा हा सगळा खडा मसाला नवं पीक बाजारात आलं की वर्षाचा एकदम घ्यायचा आणि पुढचं पीक येईपर्यंत जिवंत ठेवायचा. 'जिवंत' हा शब्द आमच्या रामदुलारे महाराजांचा. ते कॅन्टीनचे मुख्य आचारी, रीवाकडचे. "मसाला बोलता है, बाई. नहीं बोले तो समझो मर गया," असं म्हणायचे. शिकवलं मला त्यांनीच. जिरं तळहातावर चोळायचं आणि हाताची ओंजळ करून वास घ्यायचा. दाणा नुसता हुंगून उपयोग नाही, तेल आत असतं. धने बोटांत फोडायचे, आतला वास लिंबाकडे झुकणारा हवा. वेलचीच्या सालीचा हिरवा रंग बघून भुलायचं नाही, सोलून दाणे बघायचे. काळे आणि जरा चिकट असले तर ठीक, तपकिरी आणि सुटे असले तर नुसती टरफलं विकत घेतली म्हणायचं. लवंगेच्या देठात नख रुतवायचं, नखाला तेल लागलं पाहिजे. हे सगळं सकाळी, चहाच्या आधी. आणि पाच वासांनंतर थांबायचं, कारण नाक थकतं आणि थकलेलं नाक मालकाला सांगत नाही.

ठेवण्याचेही नियम होते. गोण्या फळ्यांवर, जमिनीवर नाही. भिंतीपासून हातभर दूर. साबण, फिनाईल, चहापत्ती यांच्या शेजारी नाही. लवंग-वेलचीसारखा महाग माल घट्ट झाकणाच्या डब्यांत, कपाटात. यातला एक नियम मी स्वतः मोडला आणि त्याची शिक्षा दुसऱ्याला झाली. तीच गोष्ट सांगायची आहे, पण त्याआधी मी एवढी शेफारले कशी, ते सांगायला हवं.

चौथ्या-पाचव्या वर्षी एका नव्या व्यापाऱ्याने लवंग पाठवली. मोठी, एकसारखी, दिसायला देखणी. खरेदी समितीने बघितली आणि पसंत केली. आमचे कॅन्टीन मॅनेजर सक्सेनासाहेब सहीला पेन उघडून बसले होते. मी नख रुतवलं, नख कोरडं. मी म्हटलं, "साहब, एक मिनिट." त्यांच्याच टेबलावरच्या पाण्याच्या पेल्यात पाचसहा लवंगा टाकल्या. सगळ्या काटक्यांसारख्या आडव्या होऊन तरंगायला लागल्या. मग आमच्या कपाटातल्या जुन्या डब्यातल्या टाकल्या. त्यातल्या काही तळाला गेल्या, काही डोकं वर काढून पाण्यात उभ्या राहिल्या. "यातलं तेल आधीच काढून विकलंय, हा चोथा आहे," मी सांगितलं. समितीतले सगळे त्या पेल्याकडे बघत राहिले. सक्सेनासाहेबांनी पेन बंद केलं आणि म्हणाले, "मैडम, ये नाक है या लैबोरेटरी?"

तेव्हापासून कॅन्टीनमध्ये माझ्या नाकापुढे कुणी बोलेना. मी 'नाही' म्हटलं की नाही. हळूहळू मलाही वाटायला लागलं, की आपलं नाक चुकत नाही.

आमच्याकडे जिरं आणि धने यायचे जुमेराती बाजारातल्या नईमभाईंकडून. माझ्या आधीपासून. आजोबांच्या वेळचं दुकान. उंच, सडसडीत, पांढरी दाढी, चष्म्याच्या एका काडीला दोरा बांधलेला. आपल्या मालाची स्तुती त्यांनी कधी केली नाही. गोणीचं तोंड उघडायचे आणि आपण दुसरीकडे बघत उभे राहायचे. तुम्ही बघा, हुंगा, काय ते ठरवा.

त्या वर्षी एप्रिलमध्ये त्यांचा माल आला. परखी म्हणून एक टोकदार पोकळ नळी असते, ती गोणीत खुपसली की मधला माल बाहेर येतो. मी ती निम्म्याशिम्म्या गोण्यांत चालवली. उत्तम माल. रिवाजाप्रमाणे जिऱ्याचा नमुना काचेच्या बाटलीत भरला, लाखेने बंद केला, चिठ्ठीवर दोघांच्या सह्या झाल्या आणि बाटली ऑफिसच्या कपाटात गेली. माल नेहमीपेक्षा जास्त होता. जागा पुरेना, म्हणून हमालांनी गोण्या मागच्या भिंतीला अगदी टेकवून लावल्या. मी बघितलं. हातभर अंतर सोडायला सांगायचं होतं. नाही सांगितलं. उन्हाचा तडाखा होता, आणि सगळ्यांना घरी जायचं होतं.

ऑगस्टमध्ये महाराज स्टोअरच्या दारात येऊन उभे राहिले. "बाई, जीरा बोल नहीं रहा."

मी हसले. पण त्याच दुपारी टर्बाइन शॉपमधल्या एका कामगाराने आपली थाळी थेट सक्सेनासाहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. "साहब, सूंघिए. ये दाल है कि पीला पानी?"

मी गोणी उघडली, जिरं चोळलं. काही नाही. भुसा चोळावा तसं. दुसरी गोणी, तिसरी, तेच. धने फोडले, तेही मुके. माझ्या डोक्यात क्षणात सगळं जुळलं: परखीला लागला तो माल नवा, बाकी गोण्यांत गेल्या सालचा भरलेला. इतक्या वर्षांचा विश्वास, म्हणून आपण प्रत्येक गोणी बघितली नाही आणि म्हाताऱ्याने तेवढाच फायदा घेतला.

नईमभाईंना बोलावलं. ते सक्सेनासाहेबांच्या खोलीत आले. खोलीत साहेब, खरेदी समितीतले दोघे आणि मी. नईमभाईंनी जिरं चोळलं, वास घेतला, पुन्हा घेतला.

"माल मेरा ही है," ते म्हणाले. "पर मेरे यहाँ से ऐसा नहीं गया, बहनजी. आपके गोदाम में कुछ हुआ है. एक बार मुझे गोदाम दिखा दीजिए."

माझ्या अंगाची आग झाली. माझ्या स्टोअरमध्ये? मी म्हटलं, "सप्लायर को स्टोअर में जाने की इजाजत नहीं है. नियम है."

नियम होता, हे खरं आहे. पण त्या दिवशी मी तो नियम म्हणून सांगितला नाही, ढाल म्हणून पुढे केला.

"तो आप खुद ही देख लीजिए," ते म्हणाले.

"मुझे देखने की जरूरत नहीं. मेरी नाक ने देख लिया है. आधी बोरियों में नया, आधी में पुराना. यही किया है आपने."

मी त्यांच्यादेखत फाइलमध्ये शेरा लिहिला: जुना माल मिसळला आहे, पुरवठादार विश्वास ठेवण्याजोगा नाही. सक्सेनासाहेबांनी खाली सही केली. यादीतून नाव गेलं. दाराशी पोचल्यावर नईमभाई वळले.

"माल तो मैं उठवा लूँगा," ते म्हणाले. "ये जो लिखा है, इसे कौन उठाएगा?"

बाजारात बातमी पसरायला फार दिवस लागले नाहीत. एका शाळेचं वसतिगृह त्यांच्याकडून मसाले घेत असे, त्यांनीही बंद केलं. हे मला जुमेरातीतल्याच दुसऱ्या व्यापाऱ्याने मोठ्या कौतुकाने सांगितलं. खरं लिहायला बसलेय तर लिहिते, ऐकून मला बरं वाटलं होतं.

सप्टेंबरात नव्या व्यापाऱ्याचा माल आला, त्याच रॅकवर त्याच भिंतीशी लागला. या वेळी मी प्रत्येक गोणीत परखी घातली. विश्वकर्मा पूजेचं जेवण झकास झालं, लोक बोटं चाटत गेले. मी साहेबांकडे बघून मान हलवली, म्हणजे बघा, मी म्हणत नव्हते?

डिसेंबरात महाराज पुन्हा दारात. थंडीने कानाला मफलर गुंडाळलेला. "बाई, ये भी गूँगा हो गया."

मी चोळून बघितलं. मेलेलं. मला पहिल्यांदा रागच आला. हाही चोर निघाला! पण मग माझा मलाच प्रश्न पडला: प्रत्येक गोणी मी स्वतः तपासली होती, मग यात जुना माल आला कुठून? त्या प्रश्नाला मी तिथेच दाबलं. ठरवलं, नईमभाईंचा माल किती वाईट होता त्याच्याशी ताडून बघू, म्हणजे रिपोर्टमध्ये दोघांची नावं एकदमच घालता येतील. कपाटातून ती एप्रिलची बाटली काढली. लाख फोडली.

झाकण उघडताच वास आला. चोळावंही लागलं नाही. गरम, ठसठशीत, आठ महिन्यांपूर्वी होता तसाच.

मी बाटली बंद केली आणि बाहेर कडुलिंबाखाली जाऊन उभी राहिले. वाटलं, नाक थकलंय. बराच वेळ गार हवा घेतली. परत आले, पुन्हा उघडली. तोच वास. माझा विश्वास बसेना म्हणून चिमूटभर दाणे महाराजांना दिले, कुठले ते सांगितलं नाही. त्यांनी लहान कढईत तूप तापवून त्यात टाकले. भाजी चिरणाऱ्या बायकांनी माना वर केल्या.

"ये कहाँ छुपा रखा था, बाई?" महाराज म्हणाले.

बाटलीतलं जिरं आणि नईमभाईंच्या गोण्यांतलं जिरं एकाच दिवशी, एकाच गाडीतून आलं होतं. बाटली ऑफिसात राहिली, गोण्या माझ्या स्टोअरमध्ये. म्हातारा तेच सांगत होता.

मी स्टोअरमध्ये गेले आणि प्रथमच एखाद्या परक्याच्या घरात बघावं तसं बघायला लागले. आम्ही उंदरांसाठी एक मांजर ठेवलं होतं. एरवी ते दाराशी उन्हात बसलेलं असे. त्या थंडीत मात्र ते मागे, जिऱ्याच्या गोण्यांच्या आणि भिंतीच्या फटीत घुसून झोपलं होतं. त्याला हाकलून मी त्या फटीत हात घातला. भिंत कोमट होती. बाहेर हात गारठत होते आणि ही भिंत तव्याखालच्या राखेसारखी ऊबदार.

मागे जाऊन बघितलं. स्टोअर आणि बॉयलरच्या मधल्या चिंचोळ्या बोळात वाफेचा एक पाइप आमच्या भिंतीला चिकटून गेला होता. मे महिन्यात स्वयंपाकघरात वाफेवर शिजवायची नवी भांडी बसवली, तेव्हा टाकलेला. स्टोअरला कुणी कळवलं नाही, आणि मीही विचारलं नाही. उन्हाळ्यात सगळ्याच भिंती तापतात, पावसाळ्यात मी मागे गेलेच नाही. मालाला मात्र आठवड्याचे सहा दिवस, दिवसभर शेक मिळत होता. हातभर अंतर सोडलं असतं तर कदाचित निभावलं असतं. निदान भिंत तरी हाताला लागली असती.

सक्सेनासाहेबांना सगळं सांगितलं. माणूस म्हणून ते वाईट नव्हते. त्यांनी लगेच पाइपला वेष्टण घालायचा हुकूम काढला आणि म्हणाले, "रैक हटवा दीजिए, बात खतम."

"और नईमभाई?"

"फाइल बंद है, मैडम. आप लिखेंगी तो पहला सवाल आप ही से पूछा जाएगा. सोच लीजिए."

घरी येऊन यजमानांना विचारलं, लिहू की नको? ते चपला काढत होते. म्हणाले, "त्यांच्याविरुद्ध लिहिलंस, तेव्हा मला विचारलं होतंस का?" एवढं बोलून हातपाय धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी मी लिहिलं. माल उत्तम होता, माझ्या साठवणुकीतल्या चुकीमुळे खराब झाला, पुरवठादारावरचा माझा आरोप खोटा होता. खाली सही केली. साहेबांनी सांगितल्याप्रमाणे पहिला प्रश्न मलाच विचारला गेला. लेखी समज मिळाली, ती माझ्या सर्व्हिस फाइलला लागली, आणि पुढच्या खेपेला बढतीच्या यादीत माझ्या मागची व्यक्ती माझ्या पुढे गेली. त्याचं वाईट वाटलं नाही म्हटलं तर ते खोटं होईल. चांगले दोन महिने मी त्या व्यक्तीशी धड बोलले नव्हते.

पण अवघड काम ते नव्हतंच. पत्राची नक्कल आणि ती बाटली पिशवीत घालून मी जुमेरातीत गेले. दुकान नुकतंच उघडलं होतं. नईमभाईंनी मला ओळखलं, पण 'बसा' म्हणाले नाहीत. मी नक्कल पुढे केली. त्यांनी चष्मा लावला, दोरा कानामागे सारखा केला आणि शेवटपर्यंत वाचलं. बाटली उघडून हुंगली, झाकण लावलं.

"उस दिन कमरे में कितने लोग थे?" त्यांनी विचारलं.

"मुझे पकड़कर चार."

"और बाजार में कितनों ने सुना?"

मी नकलेकडे बोट दाखवलं.

"कागज आपने दफ्तर में दिया, अच्छा किया," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणूनच ऐकायला जास्त जड गेलं. "पर मेरे पड़ोसी आपका दफ्तर नहीं पढ़ते, बहनजी."

मला कळलं. शेजारच्या आणि समोरच्या दुकानदारांना त्यांनी हाक मारली. चारपाच जण आले, आणखी दोन गिऱ्हाइकं थबकली. मी दुकानाच्या पायरीवर उभी राहून ते पत्र मोठ्याने वाचलं. 'मेरी गलती' या शब्दांपाशी आवाज फाटला, तेवढं वाक्य पुन्हा वाचावं लागलं. वाचून झाल्यावर मी कागदाची घडी घातली. मग समोरच्या दुकानातले हिंगवाले म्हातारे गृहस्थ, "चलो, साफ हुआ," असं म्हणून आपल्या गादीवर परत गेले.

नईमभाईंनी स्टूल पुढे ओढलं. "अब बैठिए," ते म्हणाले, आणि चहा सांगितला.

चहा पिताना मी विचारलं, पुढच्या मोसमात माल पाठवाल का? ते म्हणाले, "पहले गोदाम देखूँगा."

नियम बदलून घ्यायला मला सक्सेनासाहेबांकडे तीनदा जावं लागलं. मार्चमध्ये नईमभाई आले. स्टोअरभर फिरले. मागच्या भिंतीवर तळवा टेकवून उभे राहिले, आता ती गार होती. तेजपत्त्याच्या खाली कुणीतरी फिनाईलच्या बाटल्या सरकवून ठेवल्या होत्या, त्याही त्यांनीच काढून दाखवल्या. मी रोज तिथून जात होते.

वसतिगृहाचं गिऱ्हाईक मात्र त्यांना परत मिळालं नाही. मी स्वतः दोनदा जाऊन सांगितलं. तिथल्या बाईंनी ऐकून घेतलं, पण त्यांनी दुसरीकडे लावून घेतलं होतं आणि ते बदलायचं कारण त्यांना दिसत नव्हतं. एका ओळीचा शेरा लिहायला मला दोन मिनिटं लागली होती. तो पुरता पुसला गेला असं मला कधीच म्हणता आलं नाही.

पुढे मी निवृत्त होईपर्यंत आमचं जिरं आणि धने नईमभाईंकडूनच येत राहिले. त्या सगळ्या वर्षांत एकदाही गोणी मुकी निघाली नाही, हे मी अभिमानाने सांगते. नाक माझं पुढेही चांगलंच चाललं. फक्त नाकाने सांगितलेलं हाताने आणि पायाने एकदा तपासून घ्यायची सवय लागली. माल आला की नईमभाई स्वतः गाडीबरोबर यायचे, गुडघे दुखायला लागल्यावरही. मी परखी घेऊन गाडीशी उभी असायचे, हमाल गोणीला हात घालायच्या बेतात. नईमभाई कुणाकडे न बघता सरळ स्टोअरमध्ये जायचे, चारही भिंतींना एकेक करून तळवा लावायचे आणि मग दारात येऊन हमालांना सांगायचे, "उतारो."

त्यांनी सांगितल्याशिवाय मी एकही गोणी उतरवून घेतली नाही.